मधली पट्टी

लहान केलेली खिडकी पडद्यावरून दिसेनाशी झाली की नवख्या माणसाला वाटतं, ती गेली. विंडोज ९५ घडत होतं तेव्हा अशा नवख्या लोकांना संगणकापुढे बसवून त्यांच्या अडचणी टिपल्या गेल्या आणि ही त्यांतली एक मोठी अडचण ठरली. त्याआधीच्या ३.१ आवृत्तीत लहान केलेल्या खिडकीचं एक चिन्ह व्हायचं, ते पडद्याच्या तळाशी जाऊन बसायचं आणि दुसऱ्या उघड्या खिडक्यांखाली झाकलं जायचं. मग माणूस तोच प्रोग्राम पुन्हा सुरू करायचा. केंट सुलिव्हन यांनी १९९६मध्ये या चाचण्यांवर निबंध लिहिला आहे. संगणक बनवणाऱ्यांनी साध्या माणसाची गोंधळलेली नजर इतक्या आस्थेनं पाहिल्याचे पुरावे फार नसतील. त्या अडचणीवरचा उपाय म्हणजे टास्कबार. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ बाजारात आलं आणि त्याबरोबर ही पट्टी. जे जे उघडं आहे त्याचं एकेक बटण तिच्यावर, आणि ती कायम डोळ्यांसमोर. खिडकी दिसत नसली तरी ती आहे, एवढंच ती सांगत राहते.

मावशी गेल्यापासून मला या पट्टीबद्दल लिहायचं होतं.

मावशी पुण्यात घरच्या घरी डीटीपीचं काम करायची. पेजमेकर आणि श्रीलिपीच्या काळात तिनं सुरुवात केली, तेव्हा टेबलाची अर्धी जागा एकटा मॉनिटरच अडवून बसायचा. पुस्तकं, संस्थांच्या स्मरणिका, व्याख्यानमालांच्या पत्रिका, आणि पावसाळा लागला की दिवाळी अंक. गणपतीत आमच्या घरी आरतीला सगळे जमायचे, मावशी तेवढी उशिरा यायची, कारण कुणाची तरी कथा एका पानानं वाढलेली असायची. पुस्तकावर तिचं नाव असलंच तर अगदी बारीक टायपात, अक्षरजुळणीच्या ओळीत. बऱ्याचदा तेही नसायचं. तिला त्याचं काही वाटत नसे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं पान छापून गेलं तर मात्र तिला जेवण जात नसे.

तिच्या टेबलावर पुढे दोन मॉनिटर आले. डावीकडच्यावर लेखकांकडून आलेला मजकूर, स्कॅन केलेली हस्तलिखितं, संपादकांच्या ईमेल, मुद्रितशोधकानं खुणा करून पाठवलेली प्रुफं. उजवीकडच्यावर फक्त पानं. डावीकडे वाचायचं, उजवीकडे लावायचं. उजवा मॉनिटर तिनं मुख्य ठरवला होता आणि टास्कबार त्याच्या डाव्या कडेला उभा केला होता. म्हणजे दोन पडद्यांच्या बरोबर मधोमध, वरपासून खालपर्यंत. घरात सगळे तिला मधली पट्टीच म्हणायचे. तिच्या संगणकावर कुणी काही शोधायला बसलं की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, “अगं, मधली पट्टी हलवू नकोस हं!”

विंडोज ७पर्यंत ही पट्टी एकाच मॉनिटरवर असायची. दुसऱ्यावरही हवी असेल तर वेगळं सॉफ्टवेअर घ्यावं लागे. २०१२मध्ये विंडोज ८ आलं आणि प्रत्येक मॉनिटरवर पट्टी दाखवायची सोय झाली. बहुतेकांना ती आवडली. मावशीनं ती बंद ठेवली. तिला एकच पट्टी हवी होती, दोन्ही पडद्यांवरचं सगळं एका जागी सांगणारी.

पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५४मध्ये एक नियम मांडला. एखाद्या जागेवर हात नेमका न्यायला किती वेळ लागेल, हे ती जागा किती लांब आहे आणि किती मोठी आहे यावर ठरतं. संगणकाचे पडदे आखणारे लोक हा नियम अजून वापरतात, आणि त्यावरूनच म्हणतात की पडद्याची कड ही गाठायला सगळ्यात सोपी जागा. माऊस कितीही जोरात सरकवला तरी कर्सर कडेला अडतो. मावशीची पट्टी या हिशेबात बसत नव्हती. दोन मॉनिटर जिथे जुळतात तिथे कर्सर अडत नाही, सरळ पलीकडे जातो. पण तिला अडणं नको होतं, जवळपण हवं होतं. दोन ओळी डावीकडे वाचायच्या, एक दुरुस्ती उजवीकडे करायची, पुन्हा डावीकडे. दिवसभर तिचा हात ज्या वाटेनं जायचा-यायचा त्या वाटेवरच तिनं पट्टी ठेवली होती. तळाशी ठेवली असती तर दर वेळी हात खाली नेऊन परत वर आणावा लागला असता. शिवाय आताचे मॉनिटर रुंद आणि बुटके, १९२० बाय १०८०, आणि पुस्तकाचं पान उभं. तळाची पट्टी पानाच्या उंचीतून जागा खाते. उभी पट्टी ती रुंदीतून घेते, आणि रुंदी तिथे मुबलक असते. मावशीनं फिट्सचं नावही ऐकलं नव्हतं. हे तिच्या हाताला पानं लावता लावता कळलं होतं, आणि हाताला कळलेलं मी पुस्तकात लिहिलेल्यापेक्षा कमी मानत नाही.

पट्टी तिनं ओढून रुंद केली होती, मराठी नावं पूर्ण वाचता येतील इतकी. एकाच प्रोग्रामच्या खिडक्या एका चिन्हात गोळा न करता प्रत्येकीचं बटण वेगळं दाखवायची सोय होती, ती तिनं निवडली होती. अंकातल्या प्रत्येक लेखाची वर्डमधली फाईल वेगळी, म्हणून बटणंही तेवढी, एकाखाली एक. पूर्वी फाईलींना रोमन अक्षरांत नावं द्यावी लागायची आणि ती तिलाच कळायची. युनिकोड हाती आल्यावर ‘०३ कथा प्रूफ २’, ‘०७ ललित’, ‘११ कविता अंतिम’ अशी नावं पट्टीवर उभी राहिली. आता यात एक खुबी होती. एका प्रोग्रामची बटणं फाईली ज्या क्रमानं उघडल्या त्या क्रमानं लागतात. नंतर ती आपसांत हलवता येत नाहीत. म्हणून मावशी सकाळी संगणक सुरू केला की फाईली अंकातल्या क्रमानं उघडायची. मधली एखादी बंद झाली तर तिच्यापुढच्या सगळ्या बंद करून पुन्हा ओळीनं उघडायची. दिवाळी अंकाच्या दिवसांत ती पट्टी म्हणजे अंकाची अनुक्रमणिका असायची. संपादकांचा फोन यायचा, “बाई, ते ललित चार पानांत बसतंय का?” फोन खांद्याशी दाबून “बघते हं” म्हणेपर्यंत ती त्या बटणावर पोचलेली असायची. पट्टीकडे तिनं पाहिलेलं मला आठवत नाही. सातवं बटण कुठे आहे हे तिच्या मनगटाला माहीत होतं.

गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जायची. यूपीएसवर संगणक आणि उजवा मॉनिटर असे दोनच चालायचे, डावा काळा व्हायचा. काही जोडण्यांमध्ये मॉनिटरची वीज गेली की संगणक समजतो, मॉनिटरच काढून नेला. मग विंडोज ११च्या आधी त्याच्यावरच्या सगळ्या खिडक्या शेजारच्या पडद्यावर येऊन एकमेकींवर पडत. वीज परत आली तरी त्या आपणहून माघारी जात नसत. दोन मॉनिटरांवर काम करणाऱ्या कुणालाही हा ताप ठाऊक आहे. मावशी चहा ठेवायची, परत येऊन बसायची आणि एकेक खिडकी पकडून तिच्या जागी नेऊन ठेवायची. खिडक्या कुठेही विखुरल्या तरी पट्टीवरची नावं हललेली नसायची, म्हणून तिला घाई वाटत नसे. विंडोज ११मध्ये ही एक गोष्ट खरोखर सुधारली आहे. कोणती खिडकी कोणत्या मॉनिटरवर होती हे ते लक्षात ठेवतं आणि मॉनिटर परत आला की खिडकी तिथे नेऊन ठेवतं. हे मावशीला मिळालं असतं तर तिनं मनापासून कौतुक केलं असतं.

तिच्या शेवटच्या हंगामात ती पाठीशी उशी घेऊन बसायची. आजार पोटात होता, हातांत नव्हता, असं तीच म्हणायची. नंतरच्या उन्हाळ्यात ती गेली.

पावसाळा लागल्यावर एका संपादकांचा फोन आला. त्यांना कळलेलं नव्हतं. मजकूर तयार होता, पानं लावायची होती, आणि त्यांच्या आवाजात इतकं ओशाळलेपण आलं की मीच म्हटलं, मी करते. मावशीकडूनच शिकलेलं काम. तिच्या खुर्चीत बसून मी तो अंक पूर्ण केला. सुरुवातीला माझा हात सवयीनं तळाशी जायचा. मग मी तिच्यासारख्या फाईली ओळीनं उघडायला लागले, आणि हळूहळू हात मधेच वळू लागला, न बघता. त्या टेबलाशी मला तिचा आवाज आला नाही, भास झाला नाही, असलं काही झालं नाही. झालं ते एवढंच, की माझा हात तिच्या हाताच्या वाटेनं चालायला शिकला. तिच्या साड्या आईनं वाटून दिल्या होत्या, चष्मा माझ्या मावसभावानं, म्हणजे दादानं, जपून ठेवला होता. माझ्या वाट्याला ही वाट आली होती आणि मला ती पुरत होती.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. त्यापुढे सुरक्षेचे अपडेट आपोआप मिळायचे बंद होणार होते. दादा अशा बाबतींत काळजी घेणारा. आपल्या आईचं काम ज्या यंत्रावर आहे ते उघड्यावर राहू नये म्हणून त्यानं ते वेळेत दुकानात नेलं, नवी आवृत्ती घालून आणलं आणि दिवाळी उलटल्यावर माझ्याकडे पोचवलं. दुकानदारानं त्याच्यासमोर सगळे फोल्डर उघडून दाखवले होते. डेटा शाबूत, फाँट शाबूत, पानांच्या जुन्या फाईलीही उघडत होत्या. सगळ्यांनी आपापलं काम नीट केलं होतं.

पट्टी तळाशी होती. तिच्यावरची चिन्हं मधोमध गोळा झालेली. दोन पडद्यांच्या मध्ये फक्त मॉनिटरांच्या काळ्या कडा. मी एक फाईल उघडली, वाचायला लागले, आणि हात मध्ये गेला.

डेटा म्हणून जे काही मोजलं जातं त्यात पट्टी कुठे होती, किती रुंद होती, तिच्यावरची नावं सुटी होती की एका चिन्हात गोळा झालेली, हे येत नाही. आणि इथे ते अपघातानं गळलेलंही नव्हतं. विंडोज ११साठी टास्कबार नव्यानं लिहिला गेला. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी ते आलं तेव्हा काय काय काढलं याची यादीही त्याबरोबर उघडपणे दिली होती, आणि पट्टी फक्त तळाशीच राहील हे तीत स्पष्ट लिहिलं होतं. डाव्या, उजव्या, वरच्या कडेला ती १९९५पासून नेता येत होती. सव्वीस वर्षांनी ती सोय थांबली. त्याआधी २०१९मध्ये दोन पडद्यांच्या उपकरणांसाठी म्हणून विंडोज १०एक्स जाहीर झालं होतं. २०२१च्या मे महिन्यात ते थांबवल्याचं सांगण्यात आलं आणि त्यासाठी झालेलं काम पुढच्या विंडोजकडे वळवलं गेलं. दोन पडद्यांपुढे बसणाऱ्या माणसाचा विचार कुणाच्या तरी टेबलावर होता, एवढं त्यावरून दिसतं.

गेलेल्यातलं काही परत आलं. नव्या आवृत्तीत सुरुवातीला दुसऱ्या मॉनिटरच्या पट्टीवर घड्याळ नव्हतं. मुख्य पडद्यावर सादरीकरण किंवा व्हिडिओ पूर्ण मोठा केला की वेळ कुठेच दिसत नसे. ते २०२२च्या फेब्रुवारीत परत आलं. फाईल ओढून पट्टीवरच्या बटणावर नेली की ती खिडकी पुढे यावी, ही जुनी सोय २०२२च्या सप्टेंबरात परतली. बटणं सुटी ठेवून त्यांवर नावं दाखवायची सोय २०२३मध्ये. प्रत्येक वेळी लोकांनी मागितलं म्हणून. उभ्या पट्टीबद्दल मात्र २०२२च्या एप्रिलमध्ये बनवणाऱ्यांकडून असं सांगितलं गेलं की पट्टी बाजूला गेली की सगळ्या प्रोग्रामांना आपली मांडणी बदलावी लागते, ते काम प्रचंड आहे, आणि ती मागणारे लोक बाकीच्या मागण्यांच्या मानानं थोडे आहेत.

थोडे आहेत हे खरंच असणार. बहुतेक लोक पट्टीला कधी हातच लावत नाहीत. पण हलवणारा माणूस कोण असतो? जो दिवसाचे दहा तास तिच्यापुढे बसतो तो. अनुवादक, हिशेबनीस, संकलक, नकाशे काढणारे, पानं लावणारे. डोकी मोजली तर ही माणसं तक्त्यात कोपऱ्यात जातात. तास मोजले तर चित्र वेगळं दिसेल. आणि तासांहूनही, त्या माणसांनी आपल्या कामाला साजेशी अशी जी एक मांडणी वर्षानुवर्षं घासून काढलेली असते ती कारागिरीच आहे. सुतारानं आपल्या रंध्याची मूठ स्वतःच्या पंजाला घडवून घेतली तर आपण तिला मान देतो. मावशीच्या पट्टीला तो मान मिळायला हवा होता, असं मला ठामपणे वाटतं.

जुन्या आवृत्तीकडे परत जाता येतं, पण दहा दिवसांत. तेवढे दिवस जुनं सगळं ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरात ठेवलेलं असतं, मग ते आपोआप पुसलं जातं. आमच्याकडेही माणूस गेल्यावर दहा दिवस धरतात. तोवर तो घराभोवती असतो अशी समजूत आहे, आणि दहाव्याला पिंड ठेवून कावळ्याची वाट बघतात. मावशीच्या दहाव्याला ओंकारेश्वरापाशी दादा हात जोडून बराच वेळ उभा होता. यंत्र माझ्याकडे आलं तेव्हा त्याचे दहा दिवस होऊन गेले होते. होऊन गेले नसते तरी मी त्याला मागे नेलं असतं असं नाही. संपादकांच्या ईमेल, लेखकांची पत्रं, लोकांचे पैशांचे व्यवहार, इतकं सगळं ज्यावर आहे ते विनाआधाराचं ठेवणं मावशीलाही पटलं नसतं.

स्वतंत्र प्रोग्रामरांनी लिहिलेली काही छोटी सॉफ्टवेअर आहेत, ती पट्टीला पुन्हा उभी करतात. एका मित्रानं सुचवलं, मी वापरूनही पाहिलं. पट्टी मध्ये आली. रुंदी मी अंदाजानं ठेवली, नावं सुटी केली, फाईली ओळीनं उघडल्या. काम होतं, चांगलं होतं. एखाद्या अपडेटनंतर ते बंद पडतं, मग दुरुस्त आवृत्तीची वाट पाहायची. मी ते ठेवलं आहे. पण ती आता माझी मांडणी आहे. मावशीनं जी रुंदी ठेवली होती ती कोणत्या तरी एका अंकाच्या, कोणत्या तरी लांबलचक शीर्षकासाठी ओढलेली असणार, आणि ते शीर्षक कुणाचं होतं हे सांगणारं आता कुणी नाही.

तिची पुस्तकं आहेत, अंक आहेत. ज्याला पान वाचता येतं त्याला त्यात ती दिसेल: परिच्छेदाची शेवटची ओळ एकटी पुढच्या पानावर गेलेली तिच्या पानांत सापडणार नाही, जोडाक्षर दोन ओळींत तुटलेलं सापडणार नाही. हे टिकेल. ज्या हालचालींतून ते झालं त्या हालचाली कुठेही छापलेल्या नाहीत.

तुमच्या घरात वर्षानुवर्षं एकाच यंत्रावर काम करणारं कुणी असेल, आणि ते यंत्र आता नव्या आवृत्तीवर न्यायचं असेल, तर नेण्याआधी त्यांना त्यांच्या रोजच्या खिडक्या उघडायला सांगा. विंडोजच्या चिन्हाची कळ आणि प्रिंट स्क्रीनची कळ एकत्र दाबा. दोन्ही मॉनिटरांचं मिळून एक चित्र ‘पिक्चर्स’मधल्या ‘स्क्रीनशॉट्स’ फोल्डरात जमा होईल. ते जपा. आणि शेजारी खुर्ची ओढून बसा आणि त्यांना विचारा, की हे इथेच का ठेवलं आहे. आज विचारा.